ऊन लागणं आणि चिखल लागणं: किरणमारा व किरणोत्सारी दूषण

'त्याला रेडिएशन लागलं' असं आपण सहज म्हणतो. यातलं 'लागलं' दोन अगदी वेगळ्या घटनांना चालतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ऊनही लागतं आणि चिखलही लागतो. उन्हातून सावलीत आलं की ऊन बाहेर राहतं. कातडी रापली असेल, चटकाही बसला असेल, पण तुमच्या अंगावरून घरातल्या दुसऱ्या कुणाला ऊन लागत नाही. चिखल मात्र तुमच्याबरोबर घरात येतो, पायपुसण्यावर उतरतो आणि तिथून मुलांच्या हातांना लागतो.

किरणोत्सारी, म्हणजे आपणहून किरण फेकणारा, पदार्थ बाहेरच राहिला आणि त्याचे किरण तेवढे शरीरातून गेले, तर तो किरणमारा. तो पदार्थच धूळ, द्रव किंवा वायूच्या रूपात कपड्यांवर, कातडीवर, फुप्फुसात किंवा पोटात गेला, तर ते दूषण. पहिल्यात शरीरात फक्त ऊर्जा येते, दुसऱ्यात अणू येतात. कोणतं यंत्र वापरायचं, कोणत्या एककात मोजायचं, उपचार काय करायचे, सगळं या एका फरकावर ठरतं.

किरण खाल्लेली वस्तू स्वतः किरण का फेकत नाही, हे समजायला अणूच्या आत डोकवावं लागतं. अणूचा व्यास साधारण मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाइतका असतो आणि केंद्रक त्याहूनही दहा हजार ते लाख पटींनी लहान. बाकीचा सगळा विस्तार इलेक्ट्रॉनांचा. हे इलेक्ट्रॉन फार सैल बांधलेले असतात: हायड्रोजनचा एकुलता इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) पुरतात. केंद्रकातला एखादा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन उपटायचा तर बहुतेक मूलद्रव्यांत ७०-८० लाख किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आता कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, म्हणजे केंद्रकातून निघणारे एक्स-रेसारखे किरण, बघा (नावापुढचा आकडा म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांची बेरीज). त्यांची ऊर्जा ११.७ लाख आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सीझियम-१३७ चा गॅमा ६.६ लाखांचा, आणि एक्स-रे काढण्याच्या यंत्रातले किरण दीड लाखाच्या आतलेच. इलेक्ट्रॉन हजारोंनी उखडायला एवढी ऊर्जा भरपूर झाली, केंद्रक फोडायला मात्र ती तोकडी पडते.

इलेक्ट्रॉन उखडले की रासायनिक बंध तुटतात. पेशीतल्या पाण्यापासून अतिक्रियाशील तुकडे तयार होतात, डीएनएची साखळी तुटते, माणूस आजारी पडतो आणि मात्रा जास्त असेल तर दगावतोही. पण किरणोत्सारिता हा केंद्रकाचा गुण आहे, प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या जुळणीतल्या अस्थिरतेचा. ती जुळणी जशीच्या तशी राहिली, म्हणून त्या माणसाच्या शेजारी बसणाऱ्याला काहीच धोका नसतो. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजलाही हेच लागू पडतं. नेहमीची २५ किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचं एकक) मात्रा माणसासाठी प्राणघातक मात्रेच्या हजारो पट आहे, तरी सिरिंज किरणोत्सारी होत नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बेरिलियम-९ मधला एक न्यूट्रॉन सुमारे १७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमानेही सुटतो, ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, २२ लाखांच्या. अन्नावर किरण मारण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात यंत्रातल्या एक्स-रेंना ५० लाख आणि इलेक्ट्रॉनांना १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा घातली आहे, ती याच हिशेबाने. खरा अपवाद मात्र न्यूट्रॉनांचा. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसल्यामुळे केंद्रकाचा धनभार त्याला अडवत नाही. तो सरळ आत शिरतो आणि राहतो. साधा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० होतो, त्याचं उत्पादन असंच होतं. माणसावर न्यूट्रॉनांचा मारा झाला तर रक्तातल्या सोडियम-२३ चा काही अंश सोडियम-२४ होतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू किरण फेकून बदलायला लागणारा काळ, १५ तास, आणि अणुभट्टीबाहेर चुकून साखळी प्रक्रिया पेटल्याच्या अपघातांत रक्तातला हा सोडियम मोजूनच मात्रेचा अंदाज बांधतात. म्हणजे 'किरणमाऱ्याने वस्तू किरणोत्सारी होत नाही' हे वाक्य गॅमा आणि एक्स-रेंच्या बाबतीत व्यवहारात बरोबर आहे. समोर न्यूट्रॉन असतील तर ते विसरायचं.

तोच स्रोत दोन्ही करू शकतो. धातूच्या बंद कुपीत आहे तोवर त्याचा फक्त किरणमारा होतो, कुपी फुटली की दूषण. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये हेच झालं. एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचाराचं यंत्र दोघांनी भंगारासाठी खोललं आणि आतली सीझियम-१३७ ची कुपी फोडली. आत सीझियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठासारखं, पाण्यात सहज विरघळणारं, वर अंधारात निळं चमकणारं. लोकांनी ते वाटून घेतलं, अंगाला लावलं. पुढे सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं आणि चार जण दगावले. तिथे कोबाल्ट असता तर किरणमारा भयंकर झाला असता, पण कोबाल्ट-६० बहुधा धातूच्या गोळ्यांच्या रूपात वापरतात. तो असा बोटांना चिकटून घरोघरी गेला नसता. पदार्थाचं रासायनिक रूप दूषणात किती महत्त्वाचं असतं, ते इथे दिसतं. किरणमाऱ्यात त्याला जवळपास काही किंमत नसते.

धोक्याची उतरंडही दोन्हीकडे उलटी लागते. बाहेरून येणाऱ्यांत गॅमा सगळ्यांत वाईट. कोबाल्ट-६० चे किरण निम्मे करायला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास शिसं लागतं. अल्फा कण, म्हणजे केंद्रकातून सुटणारा दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनांचा तुकडा, हवेत काही सेंटिमीटरच जातो, कागदाने किंवा कातडीच्या मृत थराने अडतो. बाहेरच्या अल्फाची काळजी करायचं कारण नाही. आत गेला की तोच सर्वांत घातक ठरतो, कारण सगळी ऊर्जा मोजक्या पेशींच्या जाडीत ओततो. २००६ साली लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लिट्विनेन्को यांना अल्फा कण फेकणारं पोलोनियम-२१० पाजलं गेलं. त्याच्या साधारण लाखभर विघटनांमागे एकच गॅमा निघतो, म्हणून गॅमा शोधणाऱ्या नेहमीच्या यंत्राला ते सापडणं अवघड होतं. अखेर लघवीच्या तपासणीत ते सापडलं. शहरातल्या हॉटेलांत, कचेऱ्यांत, विमानांतही पोलोनियमचे माग निघाले, अगदी चिखलाच्या पावलांसारखे.

किरणमाऱ्यापासून वाचायचे तीन मार्ग पाठ केले जातात: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. लहान स्रोतापासून एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की मारा चौथाई होतो. दूषणात हे गणित कोसळतं, कारण कण अंगावर असेल तर अंतर शून्य आणि पोटात असेल तर वेळ तुमच्या हातात नाही. तिथे उपयोग हातमोजे, मुखपट्टी, बूट-आवरण आणि 'इथे खायचं-प्यायचं नाही' या नियमाचा. शिशाचा जड अंगरखा घालून किरणोत्सारी धुळीत वावरणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, पण धूळ नाकातून जाते.

मोजमापाची एककंही वेगळी आहेत. शरीराने घेतलेली मात्रा ग्रे किंवा सीव्हर्टमध्ये सांगतात, पृष्ठभागावरचं दूषण दर चौरस सेंटिमीटरला किती बेकेरेल असं. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन. छातीवरचा मात्रामापक बिल्ला बाहेरून आलेला मारा मोजतो. श्वासातून गेलेल्या अल्फा-कणांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. बिल्ला कोरा, म्हणून माणूस स्वच्छ, हा निष्कर्ष चुकीचा. त्यासाठी संपूर्ण शरीरातून निघणाऱ्या किरणांची मोजणी किंवा मूत्रतपासणी करावी लागते.

दूषण शोधताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी घाई. शोधक, म्हणजे किरण टिपणारं यंत्र, कातडीपासून साधारण एक सेंटिमीटरवर, सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर इतक्याच वेगाने फिरवायचा. अल्फा शोधायचा तर अर्ध्या सेंटिमीटरवर, पण टेकवायचा नाही, नाहीतर शोधकच दूषित होतो आणि पुढचा प्रत्येक माणूस दूषित दिसू लागतो. त्या भीतीने शोधकावर प्लास्टिक चढवलं तर तेच प्लास्टिक अल्फा गिळतं. दुसरी चूक जागेची. जवळ मोठा स्रोत असेल तर त्याच्या गॅमांच्या गोंगाटात कातडीवरचं थोडं दूषण ऐकूच येत नाही. आधी रिकाम्या जागेचं वाचन घ्यायचं, ते जास्त असेल तर माणसाला दुसरीकडे न्यायचं.

टेबलाजवळ काटा हलतो, पण ते टेबलावरचं दूषण की भिंतीपलीकडचा स्रोत? कोरड्या कागदी चकतीने १०० चौरस सेंटिमीटर जागा पुसायची आणि ती चकती दूर, शांत जागी नेऊन मोजायची. तिथेही चकतीजवळ काटा हलला तर टेबलावर पुसून निघणारं दूषण आहे. पुसण्याने सगळं निघत नाही, नेमका आकडा ठाऊक नसेल तर दहावा हिस्सा निघाला असं धरतात. चकती स्वच्छ निघाली तर एक तर स्रोत पलीकडे आहे किंवा दूषण पृष्ठभागात मुरलेलं आहे. मग शोधक टेबलाच्या अगदी जवळ नेऊन आणि मागे घेऊन बघायचं: मागे घेताच आकडा झपाट्याने उतरला तर दूषण टेबलातच आहे.

माणूस दूषित असला तरी आधी रक्तस्राव, श्वास, शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) यांकडे बघायचं. कातडीवरची धूळ पाच मिनिटं थांबू शकते. त्यानंतर बाहेरचे कपडे उतरवायचे. झटकायचे नाहीत आणि डोक्यावरून ओढायचे नाहीत. समोरून कापून, आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत काढायचे आणि पिशवीत बंद करायचे. एवढ्यानेच बहुतेक दूषण जातं, साधारण ८० ते ९० टक्के. पुढे कोमट पाणी आणि साधा साबण. फार गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो, घासल्याने कातडी फाटते आणि बाहेरचं दूषण आतलं होऊन बसतं. केसांना कंडिशनर लावायचा नाही, तो कण केसांना धरून ठेवतो. जखम असेल तर ती आधी धुवायची. धुवा, मोजा, पुन्हा धुवा. आकडा उतरेनासा झाला किंवा कातडी लाल होऊ लागली की थांबायचं.

ज्याला फक्त किरणमारा झाला आहे त्याला आंघोळ घालून काय मिळणार? त्याच्यासाठी पहिली उलटी किती वेळाने झाली याची नोंद आणि रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची काही तासांच्या अंतराने पुन्हापुन्हा मोजणी, एवढंच सुरुवातीला उपयोगी.

आयोडीनच्या गोळीचंही तेच. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड दिलं की थायरॉइड साध्या आयोडीनने भरते आणि आयोडीन-१३१ ला आत जागा मिळत नाही. वेळेत घेतली तर उत्तम, पण ती फक्त आयोडीनच्या दूषणावर. बाहेरून येणाऱ्या गॅमावर तिचा शून्य परिणाम आणि सीझियमवरही शून्य. सीझियमसाठी प्रशियन ब्लू लागतं, ते आतड्यात सीझियमला धरून शौचावाटे बाहेर काढतं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं, हे ऐकून धसका बसतो, पण प्रौढाच्या शरीरातून निम्मं सीझियम साधारण ११० दिवसांत बाहेर पडतं आणि या औषधाने त्याहून लवकर. दूषणाला असे दोन घड्याळांचे हिशेब असतात, किरणमाऱ्याला एकही नाही.

दवाखान्यात रोज उठणारा प्रश्नही यातूनच सुटतो. सीटी स्कॅन करून आलेल्या माणसाजवळ बाळाला द्यायला काहीच हरकत नाही, यंत्र बंद झालं तेव्हाच किरण संपले. पेट स्कॅनसाठी मात्र फ्लोरिन-१८ शिरेतून शरीरात सोडलेलं असतं, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाचं आठ दिवसांचं. असा रुग्ण इतरांसाठी एकाच वेळी ऊनही असतो आणि चिखलही. लहान मुलांपासून नि गरोदर स्त्रियांपासून लांब बसा, वेगळे झोपा, हे त्याच्या शरीरातून निघणाऱ्या गॅमांसाठी सांगतात. टॉवेल नि ताटवाटी वेगळी ठेवा, संडासात दोनदा पाणी सोडा, हे घाम, लाळ आणि लघवीतून बाहेर येणाऱ्या आयोडीनसाठी.