लाकडाच्या पोटात गंजणारा खिळा

मे २०२५मध्ये कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं आणि तेव्हापासून एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेल्या या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. त्यापुढे मात्र लिहिलेलं असतं की समुद्राच्या तळाशी चुंबकीय खडक असतात, ते जहाजाचे लोखंडी खिळे ओढून घेतात आणि हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं.

समजूत जुनी आहे, यात शंका नाही. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात ती आहे. पण जुनी म्हणून ती खरी ठरत नाही. चुंबक लोखंडाला ओढतो, तेव्हा नुसतं चुंबकीय क्षेत्र असून भागत नाही. ते थोड्याशा अंतरात झपाट्याने बदलावं लागतं. मैलोन् मैल पसरलेल्या खडकाचं क्षेत्र एका खिळ्याच्या लांबीत बदलून बदलणार किती? रशियात कुर्स्कजवळ लोहखनिजाचा एवढा प्रचंड साठा आहे की होकायंत्र भरकटतं, तरी तिथल्या घरांचे खिळे जागच्या जागी आहेत. आणि ज्या समुद्राची भीती घातली जाते, त्याच अरबी समुद्रातून हजारो टन वजनाची पोलादी जहाजं रोज ये-जा करतात.

ओल्या लाकडातला खिळा निकामी होतो, ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. ती रसायनाची करामत आहे आणि ती जहाजांपुरती मर्यादित नाही. कोकणातला साकव, होमस्टेचा लाकडी डेक, गोठ्याचं छप्पर, जेट्टीच्या फळ्या, सगळीकडे तेच घडतं.

दहा-बारा पावसाळे खाल्लेल्या रिपेतून एक खिळा पकडीने उपटून पाहा. डोक्यावर तांबडी पूड असते, पण डोकं शाबूत असतं. खाली, जिथे तो लाकडाच्या आत होता, तिथे मात्र झिजून सुईसारखा बारीक झालेला असतो. भोकाभोवती काळा डाग पसरलेला असतो. त्या डागावर अंगठ्याचं नख दाबलं तर ते आत रुततं, आणि बोटभर पलीकडे तेच लाकूड टणक लागतं. बाहेरून सुरक्षित दिसणाऱ्या सांध्यात खिळाही गेला आणि त्याला धरून ठेवणारं लाकूडही गेलं. दोघांनी एकमेकांना खाल्लं. हे कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण कुठला खिळा विकत घ्यायचा याचं उत्तर त्यातच आहे.

लाकूड मुळात आंबट असतं. त्यातल्या हेमिसेल्युलोज या घटकातून हळूहळू अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटत राहतं. बहुतेक लाकडांचा पीएच (आम्लतेचं माप; सातच्या खाली म्हणजे आंबट) साडेतीन ते सहाच्या दरम्यान असतो. खैरासारख्या लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. हिरड्याची जुनी शाई याच रंगाची. खिळ्याभोवतीचा डाग म्हणजे तीच शाई.

पण आम्ल असलं तरी गंजायला पाणी लागतं. लाकडातली आर्द्रता पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली असेल तर आतला खिळा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. घराच्या आत, कोरड्या हवेत शंभर वर्षांपूर्वीचे खिळे ठणठणीत सापडतात ते यामुळे. हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांवर टिकून राहिली की पाऊस थेट न लागलेलं लाकूडही वीस टक्क्यांच्या आसपास पोचतं. कोकणात आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे हीच स्थिती असते. शिवाय किनाऱ्यावर मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, म्हणून खारं लाकूड ऊन पडलं तरी लवकर सुकत नाही.

आता खरी गंमत. ओल्या लाकडात ठोकलेला एकच खिळा हा एक विद्युत घट असतो. त्याच्या डोक्याला भरपूर ऑक्सिजन मिळतो, दांड्याला फार कमी. जिथे ऑक्सिजन मुबलक तिथे तो ऑक्सिजन आणि पाणी मिळून इलेक्ट्रॉन घेतात. ते इलेक्ट्रॉन पुरवायला दांड्याचं लोखंड विरघळतं. म्हणजे डोकं कॅथोड झालं आणि दांडा अ‍ॅनोड. आपल्याला उलट वाटतं, की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. घडतं ते असं की हवा मिळते डोक्याला आणि झीज होते दांड्याची. विरघळलेले लोहाचे आयन (विद्युतभारित कण) पाण्याशी क्रिया करून आणखी आम्ल तयार करतात. मिठातले ऋण भाराचे क्लोराइड आयन तिकडे ओढले जातात, आणि किनाऱ्यावर त्या चिंचोळ्या फटीत चक्क सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल साठतं. त्यात लोखंड आणखी वेगाने विरघळतं. चक्र स्वतःच स्वतःला गती देतं. हे आम्ल लाकडाला बळ देणाऱ्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, आणि लोहाचे आयन ऑक्सिजनच्या मदतीने त्या तोडायला हातभार लावतात.

कॅथोडच्या टोकाला काय होतं? तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं. मिठाचं सोडियम असेलच, म्हणजे तिथे कॉस्टिक सोडा झाला. कागद गिरणीत लाकडाचे तंतू सांधणारं लिग्निन विरघळवून लगदा करायला हेच रसायन वापरतात. अ‍ॅनोडशी आम्ल, कॅथोडशी अल्कली. लाकडाला दोन्हीकडून मार. म्हणूनच लाकडी बोटीला गंजरोधासाठी जस्ताचे ठोकळे गरजेपेक्षा जास्त जोडले की पितळी-कांस्य फिटिंगभोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. धातू वाचतो, फळी जाते.

लोखंड लाकडाचं काय करतं याचा सर्वांत मोठा दाखला स्टॉकहोमला आहे. १६२८मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१मध्ये वर काढलं. मूळचे लोखंडी बोल्ट समुद्रातच गंजून गेले होते, म्हणून त्यांच्या जागी पाच हजारांहून अधिक नवे पोलादी बोल्ट घातले. तळाशी असताना लाकडात मुरलेल्या गंधकापासून पुढे संग्रहालयात सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागलं आणि लोहाने त्या क्रियेला वेग दिला. २०११पासून काही वर्षं खपून ते बोल्ट एकेक करून काढले आणि उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे बसवले.

मग लोखंडावर जस्त चढवून भागतं का? काही अंशी. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि मोकळ्या हवेत त्याच्यावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो. लाकडाच्या आत मात्र हवा खेळत नाही आणि आम्ल असतं, त्यामुळे तो थर नीट बसत नाही. राहते ती जस्ताची जाडी. दुकानातले पिवळे चमकदार स्क्रू विजेने मुलामा दिलेले असतात. त्यांच्यावर जस्त पाच ते दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या, खडबडीत करड्या खिळ्या-बोल्टवर ते साधारण पंचेचाळीस मायक्रॉन किंवा त्याहून जास्त असतं. पिवळा स्क्रू दिसायला देखणा, पण तो घरातल्या कपाटाचा आहे.

लाकूड औषध मारलेलं असेल तर गणित आणखी बदलतं. १९३३मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं, आणि ते जगभर लाकडाला वाळवी-बुरशीपासून वाचवत राहिलं. आपल्याकडच्या या शोधाची आठवण फारशी कुणी काढत नाही. आर्सेनिकच्या काळजीने अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती कामासाठी ते थांबलं. त्याजागी आलेल्या औषधांत तांबं अधिक होतं आणि ते लाकडात बांधून ठेवणारं क्रोमियम नव्हतं. शाळेत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा टाकला होता, त्याच्यावर तांबूस थर चढला होता, तेच इथे होतं. मोकळे तांब्याचे आयन जस्ताकडून किंवा लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि ते विरघळवतात. तोवर टिकणारे जस्त चढवलेले खिळे तिथे लवकर जाऊ लागले. हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं पाइन ओल्या जागी वापरायचं असेल तर निदान जाड जस्ताचा, आणि किनाऱ्यावर स्टेनलेसचाच खिळा घ्या.

स्टेनलेस ओळखायला बरेच जण खिशातून चुंबक काढतात. चिकटला नाही म्हणजे अस्सल. या परीक्षेवर विसंबू नका. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त २०० मालिकेचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत ते एक-दोन पावसाळ्यांत तांबडं पडतं. उलट ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसचा स्क्रू घडवताना दाबला गेल्याने थोडा चिकटू शकतो. चुंबकाला धातूची रचना कळते, त्यातला मॉलिब्डेनम हा धातू कळत नाही, आणि समुद्राकाठी नेमकं तेच हवं असतं. स्टेनलेसचं रक्षण करतो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा. क्लोराइड त्याला भोकं पाडतं. ३१६ या प्रतीतलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम ते बरंच आवरतं. बोल्टच्या डोक्यावर कोरलेलं वाचा: ए२ म्हणजे ३०४च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६च्या. घाटमाथ्यावर, समुद्रापासून दूर ए२ चालतो. खाडीकाठी ए४.

पण ए४सुद्धा सगळीकडे नाही. तो पापुद्रा फाटला तर पुन्हा जुळायला ऑक्सिजन लागतो. कायम पाण्याखाली असलेल्या, भिजून गच्च झालेल्या लाकडात तो मिळत नाही, आणि ३१६चा बोल्टही डोकं चकचकीत ठेवून आतून पोखरला जातो. म्हणून पाण्याखालच्या भागात लाकडी बोटी बांधणारे तांबं किंवा सिलिकॉन ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू) पसंत करतात. पितळ मात्र तिथे नको; त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो गुलाबी, ठिसूळ सांगाडा.

शेवटचा मुद्दा धातूंची सरमिसळ. १७६१मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहिलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे विरघळून गेले होते. जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. तांबं प्रचंड आकाराचं कॅथोड, खिळा इवलासा अ‍ॅनोड. सगळ्या झिजेचा भार त्या एवढ्याशा धातूवर. हेच प्रमाण आजही लक्षात ठेवायचं. जस्त चढवलेल्या मोठ्या पट्टीला स्टेनलेसचे चार स्क्रू मारले तर झीज मोठ्या क्षेत्रात वाटली जाते आणि बरीच वर्षं निभावते, तरी किनाऱ्यावर पट्टीही स्टेनलेसचीच बरी. स्टेनलेसच्या पट्टीला जस्त चढवलेले स्क्रू मात्र कधीही मारू नका. सुतार सांगेल की पकड दोन्हीची सारखीच, आणि पहिल्या दिवशी ते खरंही असेल. दोन-तीन पावसाळ्यांनी पट्टी तशीच लखलखीत असेल आणि तिला धरून ठेवायला आत स्क्रू उरलेले नसतील.