आडव्या बाटलीमागची गोष्ट

गावातलं दारू दुकान ठेवायचं की बंद करायचं, यासाठी बायकांचं मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बायकांच्या हातात ही चिठ्ठी येईपर्यंत बरंच पाणी पंचगंगेतून वाहून गेलं.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं इंग्रजांनी दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आणलं, आणि दारू हे महसुलाचं साधन झालं. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५० पासून प्रांतभर बंदी लागू झाली. दुकानं बंद झाली तशा हातभट्ट्या पेटल्या. १९६० च्या दशकात सरकारनं बंदी सैल केली, पण कायदा काही रद्द झाला नाही. कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो.

आपल्याकडे या गोष्टीला उसाची जोड आहे. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जी काळी, दाट मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल बनतो आणि त्यातूनच देशी दारू. हातभट्टीवाल्याला तर सडका गूळ आणि नवसागर पुरतो. छाप्याच्या बातमीत 'कच्चं रसायन नष्ट केलं' असं वाचतो, ते म्हणजे पिंपात आंबत ठेवलेलं हेच गूळ-नवसागराचं पाणी. गाळलेल्या दारूत मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळलं की माणूस आंधळा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. २०१५ साली मालाडमध्ये अशा दारूनं शंभरावर माणसं गेली.

गांजा, अफू, हेरॉइनसाठी १९८५ चा वेगळा, कडक कायदा आहे. पण घरं मोडण्यात दारूच पुढं आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातले ५ कोटी ७० लाख तिच्या विळख्यात आहेत. पिणाऱ्यांत बाई क्वचित, भोगणाऱ्यांत मात्र तीच पहिली. आमच्या गल्लीतल्या एक मावशी भांगलणीची मजुरी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवायच्या. नवऱ्याला तो डबा सापडला, त्या महिन्यात पोराची फी राहिली.

२००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदानाची मागणी करता येते. अट मात्र फार अवघड आहे. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते, मग ती मजुरीला गेलेली असो, आजारी असो की लग्न होऊन गेली तरी नाव यादीत राहिलेली असो. म्हणून त्या दिवशी बायका पहाटेपासून उंबरे झिजवतात, म्हाताऱ्यांना रिक्षातून आणतात आणि सासरी गेलेल्या लेकींना फोन लावून बोलावून घेतात.