11 किलोवॅटचा चार्जर-डबा लावला म्हणून विजेवरची गाडी लवकर भरत नाही

‘जास्त किलोवॅटचा चार्जर बसवा, गाडी झटपट भरेल’ हे लातूर-नांदेडकडे अजून सर्रास ऐकू येतं. तसं नसतं. भिंतीवरचा डबा फक्त एसी वीज सुरक्षितपणे पुढे देतो. ती डीसी करून बॅटरीत घालणारा खरा चार्जर गाडीतच असतो. तो 3.3 किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर 11 चा लावूनही गाडी 3.3 च ओढणार. 30 युनिटच्या बॅटरीत 20 ते 80 टक्के म्हणजे 18 युनिट. तूट धरून सहा तास. रात्री दहाला लावली, पहाटे चारला तयार. मग घाई कशाची?

पैसा वायर आणि अर्थिंगवर घाला. गाडीतला चार्जर 7.2 किलोवॅटचा असेल, तर 32 अँपिअर तासन्‌तास वाहतात: तांब्याची किमान 6 चौरस मिमी वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). मंजूर भार महावितरणकडून आधी वाढवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज 190 वर आलं, की तेच 32 अँपिअर सहाच किलोवॅट देतात.

आणि मे महिन्यात काळी माती भेगाळून अर्थिंगच्या पाइपाला सोडते. अर्थिंग मिळत नाही, म्हणून डबा लाल दिवा दाखवून बंद. लोक डब्याला शिव्या घालतात. आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, मग न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या.