म्युरिएट

म्युरिएट : क्लोराइड लवणांची रसायनशास्त्रातील जुनी संज्ञा. समुद्रलवण, नवसागर व पालाशयुक्त खत ही पूर्वी अनुक्रमे सोडा, अमोनिया व पोटॅश यांची म्युरिएटे म्हणून ओळखली जात. संज्ञेचे मूळ लॅटिन ‘मुरिया’ (खारवणी) या शब्दात आहे. मिठापासून मिळणाऱ्या अम्लाला (आजचे हायड्रोक्लोरिक अम्ल) म्युरिअॅटिक अम्ल म्हणत. म्युरिएट हे त्याच्या लवणांचे पद्धतशीर नाव १७८७ च्या फ्रेंच नामकरणपद्धतीने रूढ केले.

या नावामागे एक चुकीचे गृहीतक होते. प्रत्येक अम्लात ऑक्सिजन असतोच, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझ्ये यांचे मत असल्यामुळे म्युरिअॅटिक अम्ल हे एका अज्ञात मूलकाचे (ऑक्सिजनशी संयोग पावणाऱ्या मूळ घटकाचे) ऑक्साइड ठरले, आणि १७८९ च्या त्यांच्या मूलद्रव्यसूचीत कोणीही न पाहिलेल्या या मूलकाला जागा मिळाली. रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७४ मध्ये हे अम्ल व मँगनीज डायऑक्साइड यांपासून मिळवलेला हिरवट पिवळा वायू, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांच्या १७८५ मधील प्रतिपादनानुसार, त्याच अम्लाचे अधिक ऑक्सिजनयुक्त रूप मानला जाई. त्यामुळे विरंजक चूर्णाला (ब्लीचिंग पावडर) चुन्याचे ऑक्सिम्युरिएट, तर क्लोरेटांना हायपरऑक्सिम्युरिएट म्हणत. जुने ग्रंथ वाचताना ही नावे जपून घ्यावी लागतात, कारण मर्क्युरिक क्लोराइडालाही पाऱ्याचे ऑक्सिम्युरिएट म्हटलेले आढळते आणि त्यात ऑक्सिजन मुळीच नसतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक व तेनार यांना १८०९ मध्ये या हिरवट पिवळ्या वायूतून ऑक्सिजन वेगळा काढता आला नाही. तो मूलद्रव्य असू शकेल हे त्यांनी नोंदवले, पण जुने मत सोडले नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांनी विद्युत्‌घटमालेच्या (बॅटरीच्या) साह्याने कोळसा या वायूत पांढरा होईपर्यंत तापवला, तरी कोळशाचे ऑक्साइड तयार झाले नाही. १८१० मध्ये त्यांनी वायू मूलद्रव्य असल्याचे जाहीर करून क्लोरीन हे नाव दिले. येथेच वाद मिटला असे काही इतिहासकार सुचवतात. परंतु स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी जुनी उपपत्ती पुढे अनेक वर्षे धरून ठेवली, हे पाहता बदल सावकाश झाला हे मत अधिक ग्राह्य वाटते.

औषधशास्त्रात अल्कलॉइडांच्या (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त क्षारीय द्रव्यांच्या) हायड्रोक्लोराइडांसाठी म्युरिएट ही संज्ञा एकोणिसाव्या शतकातही वापरात होती. आज ती मुख्यतः खतव्यवसायात ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ या रूपात आढळते. हे पोटॅशियम क्लोराइड असून त्यात ऑक्सिजन नसतो. तरीही त्याची प्रत पोटॅशियम ऑक्साइडाच्या हिशेबाने, सुमारे ६० टक्के, अशी सांगितली जाते.