पैज सुटली, आकडे राहिले

‘अठ्ठेचाळीस!’ असा पुकारा झाला की मुलाची नजर हाऊजीच्या तिकिटावर कशी फिरते ते बघण्यासारखं असतं. कानावर आधी आठ पडतो, चाळीस नंतर. घर मात्र चाळिशीच्या रांगेत शोधायचं. एकोणपन्नासला तर हमखास फसगत, कारण शब्दात पन्नास आणि घर चाळिशीचं. तिकिटावर ३ आडव्या आणि ९ उभ्या रांगा, २७ घरांत १५ आकडे. पहिल्या उभ्या रांगेत १ ते ९, दुसरीत १० ते १९, शेवटच्या रांगेत ८० ते ९०. दशक-एकक शिकवण्यासाठीच कुणी आखलंय असं वाटावं, पण खेळाचं मूळ जुगारात आहे.

१६व्या शतकात इटलीतल्या जिनोव्हाच्या प्रजासत्ताकात राज्यकारभारासाठी ५ जणांची नावं चिठ्ठ्या टाकून निघत. कुणाची नावं निघणार यावर लोक पैजा लावू लागले. पुढे नावं गेली, १ ते ९० आकडे आले आणि लॉटो ही आकड्यांची सोडत सुरू झाली. नेपल्समध्ये १७३४ साली राजा चार्ल्स आणि ग्रेगोरियो रोको या धर्मगुरूची या सोडतीवरून जुंपली. नाताळच्या आठवड्यात ती बंद ठेवायची, अशी तडजोड झाली. मग लोकांनी घरीच टोपलीतून आकडे काढायला सुरुवात केली, अशी तोंबोलाची जन्मकथा सांगतात. हाऊजीचं दुसरं नाव ‘तंबोला’, हा आपल्या कानांना ओळखीचा शब्द तिथलाच.

१९व्या शतकात जर्मनीत पाढे आणि स्पेलिंग शिकवायला लॉटोचे पट वापरात आले. अमेरिकेतला बिंगो त्यामानाने अलीकडचा. १९२९ मध्ये खेळणी विकणाऱ्या एडविन लोव्हने जॉर्जियातल्या एका जत्रेत ‘बीनो’ पाहिला. आकड्यांवर घेवड्याचे दाणे ठेवून तो खेळत. लोव्हने तो बाजारात आणला. एकाच फेरीत अनेकजण जिंकतात अशी तक्रार आल्यावर त्याने कार्ल लेफलर या गणिताच्या प्राध्यापकाकडून हजारो वेगवेगळी कार्डं करून घेतली. ५ बाय ५ चं कार्ड, मधलं घर मोकळं, आकडे ७५.

पाढ्यांसाठी हाऊजी वर्गात खेळताना एवढाच बदल करायचा: अठ्ठेचाळीस न म्हणता ‘सहा आठे’ पुकारायचं. फळ्यापाशी एकटा उभा राहून घाम गाळणारा मुलगा इथे नसतो, प्रत्येक गणित सगळ्यांनीच सोडवायचं. मला मात्र यात जुगाराकडून आलेली एक गोष्ट जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे नशीब. पाढ्यांत कच्चं असलेलं पोरही तिकिटावरचे सगळे आकडे खोडून ‘फुल हाऊस’ ओरडू शकतं. प्रश्नमंजूषेत ही संधी त्याला क्वचितच मिळते.

ओरडल्यावर आकडे वाचून पडताळणी होते. चुकीचा दावा म्हणजे ‘बोगी’, तिकीट बाद. वर्गात हा नियम मी पाळत नाही. कुठला आकडा चुकून खोडला ते त्यानेच शोधायचं आणि खेळ पुढे चालू.