फुप्फुस धमनीतील दाब संवेदक

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकणाऱ्या, रुग्णाच्या फुप्फुस धमनीत (हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत) कायमचे बसवले जाणारे दाबमापक उपकरण. यांतले सर्वांत परिचित उपकरण ‘कार्डिओमेम्स’ होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मे 2014 मध्ये मान्यता दिली.

हृदय दुबळे झाले की शरीरात पाणी साठते. पायांवर सूज, आडवे पडताच लागणारी धाप, एकाएकी वाढलेले वजन ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. फुप्फुस धमनीतला दाब त्याआधी कित्येक दिवस, कधी काही आठवडे चढत असतो आणि वजनकाट्यावर तो कळत नाही.

संवेदकात बॅटरी नसते. सुमारे 15 मिलिमीटर लांबीच्या सिलिकाच्या कुपीत तारेचे वेटोळे आणि दाबानुसार किंचित दबणारा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) असतो. दाब बदलला की या जोडीची अनुस्पंदन वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेच्या लहरींना ती सर्वाधिक प्रतिसाद देते ती, बदलते. रुग्ण घरी अँटेना बसवलेल्या उशीवर पडतो, तिच्यातील रेडिओलहरींवर संवेदक जागा होतो आणि मोजलेला दाब डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. बॅटरी संपली म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येत नाही, हा रुग्णाला मोठाच दिलासा आहे. बसवतानाही छाती उघडत नाहीत. जांघेतील शिरेतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) नेऊन संवेदक धमनीत सोडतात.

उपकरण स्वतः उपचार करत नाही. दाब चढलेला दिसला की डॉक्टर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस वाढवतात, उतरला की कमी करतात. असे आकडे पाहून उपचार केल्याने पडणारा फरक ‘चॅम्पियन’ या चाचणीने नेमका दाखवला. 550 रुग्णांना संवेदक बसवला होता, मात्र निम्म्या रुग्णांचेच आकडे डॉक्टरांना दिसत होते. त्या गटात हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सरासरी 15 महिन्यांत 37 टक्क्यांनी कमी राहिले. पुढे दुसऱ्या गटाचेही आकडे खुले केल्यावर त्यांचेही दाखल होणे घटले.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाइड-एचएफ’ चाचणीत एकूण निष्कर्ष मात्र ठाम आला नाही. कोविडकाळाने त्यात गुंतागुंत केली होती. 2023 मधील नेदरलँड्सच्या चाचणीत रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि दाखल होण्याचे प्रमाणही घटले. बसवल्यानंतर महिनाभर रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधे घ्यावी लागतात, त्यामुळे ज्यांना तशी औषधे चालत नाहीत त्यांना हा संवेदक देत नाहीत.