चप्पल निसटली तेव्हा

गेल्या मे महिन्यात माझी आत्या रामकुंडावरून कपालेश्वराच्या पायऱ्या चढत होती. निम्म्यावर आली आणि मागून फुलं विकणारी बाई ओरडली, "आजी, चप्पल राहिली!" आत्याने खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल आठ-दहा पायऱ्या खाली पडलेली. भर दुपारचा तापलेला दगड, चटका बसून तिने पाय उचलायला हवा होता. पण तिला पत्ताच नव्हता. घरी येऊन बघितलं तर अंगठ्याखाली फोड.

आत्याला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. "साखरेनं नसा गेल्या, आता काय करणार," असं घरात सगळेच म्हणाले. मीही तसंच धरून चालले होते. ते निम्मंच खरं होतं.

पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरातल्या सगळ्यांत लांब. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांची टोकं आधी बिघडतात. मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, गादीवर चालल्यासारखं वाटतं आणि मग एक दिवस चप्पल निसटलेली कळत नाही. पण बी १२ हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी नेमकं हेच सगळं होतं. नसांवर मायलिनचं वेष्टन असतं, ते नीट राहायला बी १२ लागतं. पेशंटच्या तक्रारी ऐकून यातलं कारण कोणतं ते सांगता येत नाही, आणि पुष्कळदा दोन्ही कारणं एकाच पायात असतात.

मधुमेहावर सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन, आत्याचीही तीच. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, १९५७ पासून माणसांना दिलं जातंय. पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी १२ शोषलं जातं, आणि तिथेच ही गोळी आडवी येते. नेदरलँड्समध्ये ३९० रुग्णांवर सव्वाचार वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी १२ची पातळी नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घसरली. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. यकृतात बी १२चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून तूट हळूहळू होते आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

त्यात आत्या माळकरी. अंडं-मासळी घरात येत नाही, आणि धान्य, डाळी, भाज्यांत बी १२ नसतं. राहिलं दूध-दही. कपभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, मोठ्या माणसाची रोजची गरज दोनाच्या थोडी वर. आत्याच्या पोटात दूध जायचं ते चहातलं. शिवाय रोज सकाळी अनशापोटी गॅसची गोळी, तीही कित्येक वर्षं. अन्नातलं बी १२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही गोळी तेच कमी करते. म्हणजे आधीच तोकडं येणारं, त्यातलं थोडं पोटात अडलेलं, उरलेलं आतड्यात. इतक्या वर्षांत तिचं बी १२ एकदाही कुणी तपासलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर अधूनमधून बी १२ बघावं, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. आपल्याकडे एवढी माणसं शाकाहारी, म्हणून मी म्हणेन की वर्षातून एकदा बघाच. रक्ताच्या एका मिलिलिटरमागे दोनशे पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. त्याच्या जरा वर असेल आणि पायात तक्रार असेल तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. मात्र मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. साखर भडकली तर त्याच नसांचं अधिक नुकसान होईल. दुकानातून 'नसांच्या ताकदीची' गोळीही आणू नका: अशा गोळ्यांत पुष्कळदा बी ६ असतं आणि ते मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

ड जीवनसत्त्वाचं बोलणं मी जरा जपून करते. पायाला जखम असलेल्या मधुमेहींत ते कमी सापडतं, हे अनेक पाहण्यांत दिसलंय. पण ज्याचा पाय बांधलेला आहे तो उन्हात जाणार कसा? जखमेमुळे ड कमी, की ड कमी म्हणून जखम, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. काही छोट्या चाचण्यांत ड दिल्यावर जखमा लवकर आक्रसल्या, पण त्यांतली माणसं मोजकी होती. कमी असेल तर भरून काढावं, हाडांसाठी ते लागतंच. नाशिकला उन्हाचा तोटा नाही हे खरं, पण द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बायका बघा: डोक्याला-तोंडाला स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर मांडवाची सावली. कातडीला ऊन लागतं कुठे? ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मात्र आठवड्याला सांगितली असेल तर आठवड्यालाच घ्या. कुणी ती रोज घेतं, आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेततं.

क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारं प्रथिन, नीट बनत नाही आणि कोलॅजनशिवाय जखम भरत नाही. साखरेच्या धास्तीने आत्याने फळं पार सोडली होती. आता अर्धा पेरू खाते. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क असतं, आपल्या लाडक्या द्राक्षांत अगदीच थोडं.

पाय तपासायला डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर तंतू काढला. दहा ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो. आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि तो तळव्यावर एकेका जागी टेकवला. "लागलं की हो म्हणा." टाचेवर हो. चवड्यावर बऱ्याच वेळाने हो. अंगठ्यावर तंतू तीनदा वाकला, आत्या गप्पच.

बी १२ दोनशेच्या खाली निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. चार महिन्यांत रात्रीच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, चालताना तोलही सावरला. अंगठ्याची बधिरता तशीच आहे, ती बहुधा राहील. फोड भरला तो ड्रेसिंगने आणि पायावर भार न टाकल्याने. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या आणि तिथे कुष्ठरोग्यांवर काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की अशा बधिर पायाचं मांस सडकं नसतं; दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांनाही त्यांनी हेच लावलं.

परवा पुन्हा रामकुंडावर गेलो. आत्याच्या पायात मागे पट्टा असलेली, बारीक छिद्रांच्या मऊ रबराची (एमसीआर) चप्पल होती. देवळात जाताना तिने पिशवीतून मोजे काढून घातले. परत आल्यावर पायरीवर बसली, चपलेत हात घालून खडा-काटा नाही ना ते चाचपलं, आणि मग पट्टा लावला.